रॉटवायलर म्हटलं की फोन ठेवतात

प्रश्न : ताई, आमच्याकडे कावेरी नावाची ५ वर्षांची रॉटवायलर कुत्री आहे, वजन ४० किलो. बोरिवलीतल्या आमच्या फ्लॅटचं लिव्ह अँड लायसन्स ऑगस्टअखेर संपतंय आणि मालक तो विकायला काढतायत. आतापर्यंत नऊ घरं पाहिली. जात सांगितली की समोरचा फोनच ठेवतो. ‘या जातीवर सरकारनं बंदी घातलीय,’ असं दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी ऐकवलं. एजंट म्हणतो, लॅब्राडॉर मिक्स आहे म्हणून सांगा, एकदा राहायला गेलात की कोण बघतंय! आई म्हणते, कावेरीला गावी काकांकडे ठेवू. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : एजंटचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. २०१६ साली विलेपार्ल्यात घर घेताना आमच्या एजंटनं मालकांना ‘छोटंसं कुत्रं आहे’ असं सांगितलं आणि मी गप्प बसले. माझा राजा डॉबरमन होता. तिसऱ्या आठवड्यात मालक कराराची झेरॉक्स द्यायला आले, तर राजा दारात उभा. ते माझ्यावर रागावले, कुत्र्याला एक शब्द बोलले नाहीत. महिन्याभरात घर सोडावं लागलं, ऐन जुलैत. टेम्पोत ताडपत्रीखाली भिजलेल्या गाद्या आणि त्यांवर कुडकुडत बसलेला राजा अजून डोळ्यांसमोर येतो. मालकांचं काहीच चुकलं नव्हतं.

आता बंदीविषयी. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. त्या यादीत रॉटवायलर होती. पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी, असंही त्यात होतं. त्यांना घराबाहेर काढा, असं मात्र नव्हतं. पुढे एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. शिवाय भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लहान कुत्री चालतील, मोठी नाहीत, असंही म्हणता येत नाही. सेक्रेटरींना हे शांतपणे, कागद हातात ठेवून सांगा.

पण घरमालकापुढे हा कागद चालत नाही. मला घरात कुत्रं नको, असं तो म्हणू शकतो, आणि तुमची खरी अडचण तीच आहे. तेव्हा सोसायट्यांशी भांडण्यात ऑगस्ट घालवू नका. कुत्र्यांची सवय असलेला मालक शोधा. तो एजंटपेक्षा कावेरीच्या डॉक्टरांकडे लवकर सापडेल. मोठी कुत्री कोणत्या बिल्डिंगमध्ये आहेत हे डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर आणि सकाळी कुत्री फिरवणारी मुलं यांना पक्कं ठाऊक असतं. मला पुढचं घर कंपाउंडरनंच सुचवलं. मुलुंड पूर्वेला तीन मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, तळमजला. तुम्हीही तळमजला किंवा पहिला मजलाच बघा. मोठ्या कुत्र्यावरून होणारी बहुतेक भांडणं मी लिफ्टमध्येच पाहिली आहेत.

मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या. मी राजाला तासभर फिरवून, दमवून संध्याकाळी सहाला घेऊन गेले. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, रेबीजच्या लसीचं कार्ड, सगळं फाइलमध्ये लावलं होतं. त्यांनी फाइल उघडलीच नाही. ‘कोणाला चावलाय का कधी?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही. पण अनोळखी पुरुषानं डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही, तेव्हा मी मध्ये उभी राहते. कुत्र्याचं वाईट मीच सांगितलं म्हणून विश्वास बसला, असं त्या नंतर म्हणाल्या. तुम्हीही कावेरीच्या खोडी आधी सांगा. तोंडाच्या जाळीची तिला आतापासून सवय लावा. सोसायटीला तशी सक्ती करता येत नाही, तरी गर्दीच्या जिन्यात तिच्या तोंडाला जाळी असावी. कुत्र्यापासून कोणाला इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे.

घर ठरलं की करारात तिचं नाव आणि जात घालून घ्या : ‘लायसेन्सीकडे कावेरी नावाची रॉटवायलर जातीची मादी असून मालकांना याची कल्पना आहे व तिला घरात ठेवण्यास त्यांची संमती आहे.’ दारावरचे ओरखडे डिपॉझिटमधून वळते करायचे, हेही लिहा. नोटीस दोन महिन्यांची मागा, म्हणजे एखाद्या शेजाऱ्याच्या तक्रारीवरून भर पावसात बाहेर पडावं लागणार नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका.

आईंना माझा निरोप द्या. ५ वर्षं माणसांच्या पायाशी झोपलेली कुत्री गोठ्यापाशी साखळीला राहणार नाही; ती अन्न सोडेल. मुदतीत घर मिळालं नाहीच, तर महिनाभर तिला चांगल्या बोर्डिंगमध्ये ठेवा आणि एक दिवसाआड भेटायला जा.

आत्ताच्या मालकांकडून मात्र याच आठवड्यात पत्र घ्या : कावेरी इतकी वर्षं इथे राहिली, कोणाची तक्रार आली नाही. खाली त्यांची सही आणि फोन नंबर. फ्लॅट विकून झाल्यावर ते फोन उचलतीलच असं नाही.