‘हॉवित्झर’ला उखळी तोफ म्हणावं का?

जर्मन सैन्याने दोन्ही महायुद्धांत वापरलेल्या ‘लाइष्टे फेल्डहाउबित्से 16’ या हॉवित्झरला मराठीत ‘हलकी मैदानी उखळी तोफ’ म्हणावं का, आणि दीड टनाची तोफ हलकी कशी, असं एका अनुवादकाने विचारलंय.

‘मैदानी’ला हरकत नाही. ‘उखळी’ मात्र नको. मराठीत उखळी तोफ म्हणजे मॉर्टर, म्हणजे आखूड नळीतून गोळा उंच उडवणारी तोफ, हे पक्कं झालंय. हॉवित्झर ही मॉर्टर आणि सरळ मारा करणारी तोफ यांच्या मधली. टेकडीआडचं लक्ष्य गाठायला गोळा कमानीने टाकायचा आणि दारू कमी-जास्त भरून पल्ला बदलायचा, हे तिचं काम.

फरक नेमका कळतो तो तोफगाड्यावरून. 1916च्या सुमारास जर्मनांनी एकाच गाड्यावर दोन वेगळ्या नळ्या बसवल्या. 77 मिमी व्यासाची, व्यासाच्या 35 पट लांब नळी बसवली की ती ‘कानोने’, म्हणजे साधी तोफ. 105 मिमीची, जेमतेम 22 पट लांब नळी बसवली की ‘हाउबित्से’, म्हणजे हॉवित्झर. गाडा तोच, नाव बदललं! ‘उखळी’ने यातलं काहीच कळत नाही. ‘हॉवित्झर’चा मूळ चेक शब्द ‘हौफ्निट्से’. ‘हौफ’ म्हणजे जमाव. पंधराव्या शतकातल्या चेक भूमीवरच्या हुसाइट धर्मयुद्धांत ती जमावावर डागत. शिवाय कारगिलनंतर बोफोर्समुळे ‘हॉवित्झर’ आपल्या वर्तमानपत्रांत रुळलाय, तोच ठेवा.

‘हलकी’ ही सापेक्ष. जर्मनांच्या हिशेबात 105 मिमी हलकी, 150 मिमी जड, बस्स. घोडे जुंपून ओढायची तोफ ती. उचलून नेण्याशी या ‘हलकी’चा संबंध नाही.

नावातला ‘16’ हा आकडा मात्र गाळू नका. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला 105 मिमीच्या फक्त 84 हॉवित्झर ठेवू दिल्या, त्यामुळे हीच जुनी तोफ पुढे चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धात काही तर हाती लागलेल्या ब्रिटिश हलक्या रणगाड्यांच्या सांगाड्यांवर बसवल्या. तिच्या जागी आलेल्या तोफेचं नाव ‘18’. पण ती 1918ची नव्हे. तहाला बगल देऊन नंतर बनवलेली तोफ जुनी भासावी म्हणून दिलेला तो आकडा. ‘16’ आणि ‘18’ दोन्ही वर्षंच समजून तळटीप लिहाल, तर पंचाईत होईल.