‘सुपारी’ नेमकी कुणाची?

गिरगावातील एका वाचकाने विचारले आहे की सुपारी, हप्ता, खोका हे शब्द मुंबईच्या टोळ्यांकडून मराठीत आले का, आणि तसे असल्यास सभ्य लेखनात ते टाळावेत का.

माझ्या मते देवाणघेवाण उलट दिशेने झाली: टोळ्यांनी घरातले शब्द उचलले. ‘सुपारी’चेच पाहा. शुभकार्यात गणपती म्हणून सुपारी पुजतात, लग्न ठरले की सुपारी फोडतात. म्हणजे दिलेला शब्द पक्का झाल्याची ती खूण आहे. याच अर्थाने नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे पुढारी जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतात, आणि लालबाग-परळमधली बेंजो पार्टी किंवा ढोल-ताशा पथक गणपतीची सुपारी घेते. ठरलेले काम, ठरलेली रक्कम आणि हातावर ठेवलेली आगाऊ बिदागी हा सगळा व्यवहार या एका शब्दात मावतो, म्हणूनच पैसे घेऊन खून करणाऱ्यांना तो आयता सापडला. माहीमच्या एका सरदाराने मोहिमेसाठी विडा पुढे केल्याची दंतकथा याच्या उगमाशी जोडली जाते. वादकांच्या रोजच्या बोलण्यात पुरावा जिवंत असताना तिची गरज मला वाटत नाही.

‘हप्ता’ मूळचा फारसी, अर्थ आठवडा. त्यावरून ठरावीक मुदतीने भरायची रक्कम आणि पुढे फेरीवाल्याकडून उकळलेली खंडणी असा अर्थ सरकत गेला, तरी घरकर्जाचा हप्ता भरताना कोणाला संकोच वाटत नाही. पिस्तुलाला ‘घोडा’ म्हणतात त्यामागेही बंदुकीच्या घोड्याचे, म्हणजे चापाचे, जुने मराठी नाव आहे. भागाचे नाव संपूर्ण वस्तूला मिळाले.

‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी, हे अर्थ मात्र खरोखर सांकेतिक. ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला रक्कम कळू नये, एवढाच त्यांचा उपयोग. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दुमदुमली आणि तो संकेत घरोघरी पोहोचला.

म्हणून ‘सुपारी’ आणि ‘हप्ता’ निःसंकोच लिहावेत. त्यांचा पहिला हक्क वादकांचा आणि कर्जदारांचा आहे. कोटीच्या अर्थाने ‘खोका’ मात्र संवादात किंवा अवतरणचिन्हांतच शोभतो, कारण बातमीत किंवा अर्जात रक्कम लपवायची नसते, सांगायची असते.