शब्बाथ म्हणजे रविवार का?

प्रश्न असा आला आहे: 'शब्बाथ' म्हणजे रविवार समजायचं का? आणि एखादा ख्रिस्ती माणूस रविवारी कामावर गेला, तर त्याने 'शब्बाथ मोडला' असं म्हणता येईल का?

मूळ अर्थाने शब्बाथ म्हणजे रविवार नव्हे. ज्यू लोक पाळतात तो आठवड्याचा सातवा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा, म्हणजे शब्बाथ. शब्द हिब्रू, आणि त्याच्या धातूचा अर्थ 'थांबणे', हातातलं काम बंद करणे. दमून घेतलेली विश्रांती हा त्याचा गाभा नाही. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव सातव्या दिवशी थांबतो तो थकून नव्हे, काम पुरं झालं म्हणून. त्यामुळे शब्बाथसाठी नुसतं 'सुट्टी' लिहिलं की अर्थ फार पातळ होतो.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ते सृष्टीच्या निर्मितीचं, तर 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्यात मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीचं: तूही दास होतास, हे विसरू नकोस. मला हे दुसरं कारण फार मोलाचं वाटतं. तिथली यादी बघा: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका. आपण पाय पसरून बसायचं आणि दासाला राबवायचं, ही वाटच तिथे बंद केली आहे. आणि त्याच आज्ञेत सहा दिवस श्रम करायलाही सांगितलं आहे, हे सहसा कुणी बोलत नाही.

रविवार आला तो येशूच्या पुनरुत्थानामुळे: मरणानंतर तो रविवारी पुन्हा जिवंत झाला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. नव्या करारात (बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात) 'प्रभूचा दिवस' असा शब्द आहे आणि ख्रिस्ती परंपरेने तो रविवारसाठी वापरला. पण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसाठी तो उपासनेचा दिवस होता, कामबंदीचा नव्हे. रोमन जगात त्या दिवशी कामं चालूच असत. सन 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारी न्यायालयं आणि शहरांतले कारागिरीचे धंदे बंद ठेवायला सांगितलं, शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली, कारण पेरणीचा वार चुकवून चालत नाही. त्याच शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने ठरवलं की ख्रिस्ती माणसाने शनिवारी काम करावं आणि रविवारी, जमल्यास, विसावा घ्यावा. 'जमल्यास' हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट) परंपरेने रविवारलाच 'ख्रिस्ती शब्बाथ' म्हटलं. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे श्रद्धेची तत्त्वं मांडणाऱ्या दस्तऐवजात, त्या दिवशी फक्त उपासना, अत्यावश्यक कामं आणि दयेची कामं यांना जागा आहे. स्कॉटिश धावपटू एरिक लिडल 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या शर्यतीत उतरला नाही, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती. (400 मीटरचं सुवर्ण त्याने जिंकलं.) त्याच्या दृष्टीने रविवारी धावणं म्हणजे शब्बाथ मोडणंच.

उलट सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ शनिवारच पाळतो. इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी दोन्ही दिवसांना मान देते. आणि अनेकजण नव्या करारातल्या 'रोमकरांस पत्र' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाचा आधार घेतात: कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी.

म्हणून रविवारी रात्रपाळी करणाऱ्या नर्सबद्दल 'तिने शब्बाथ मोडला' असं परस्पर लिहू नये. ॲडव्हेंटिस्टांच्या लेखी तो शब्बाथच नाही, आणि कडक प्युरिटनाच्या लेखीसुद्धा रुग्णसेवा हे दयेचं काम आहे. येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशीच बरं केलं होतं, आणि 'शब्बाथ मनुष्यासाठी झाला' हे त्याचंच वचन.

लिहिताना ज्यू परंपरेबद्दल आणि शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांबद्दल 'शब्बाथ' वापरा, रविवारसाठी 'प्रभूचा दिवस'. बोलणारा स्वतः रविवारला शब्बाथ म्हणत असेल, तर त्याचाच शब्द ठेवा. शब्द पुल्लिंगी आहे: शब्बाथ पाळला, शब्बाथ मोडला, शब्बाथाचा विसावा.