शाळेचं स्थापना वर्ष कुठलं धरायचं? पाटीवर जाऊ नका

तुम्ही लिहिलंत की बडोद्यातल्या मांजलपूरकडच्या हायस्कूलची स्मरणिका काढताय आणि स्थापनेचं साल जुळत नाही. पाटीवर एक साल, ट्रस्टच्या दाखल्यावर दुसरं, जुने शिक्षक सांगतात ते तिसरं, आणि शिक्षण खात्याची कचेरी म्हणते रेकॉर्ड नाही. वाचून आमचेच दिवस आठवले. तिन्ही सालं खरी असू शकतात. ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती पाटी. 'संवत २०२१, जेठ सुद' (विक्रम संवत, ज्येष्ठ शुद्ध) दिसलं की लोक डोळे झाकून ५७ वजा करतात आणि १९६४ छापून मोकळे होतात. गुजरातचं वर्ष कार्तिकात बदलतं. बेसत्या वर्षापासून, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यापासून, डिसेंबरअखेरपर्यंतच ५७. जानेवारी ते दिवाळी ५६. म्हणजे हा जेठ १९६५ चा. पाटीवर शकही असेल तर ताळा करा: १८८७ अधिक ७८, पुन्हा १९६५. आणि वर 'खातमुहूर्त' (पायाभरणी) लिहिलंय की 'उद्घाटन', तेही बघा. पायाभरणीआधी दोन-दोन वर्षं वर्ग कुणाच्या वाड्यात भरलेले असू शकतात. चुकीचं साल एकदा कमानीवर रंगवलं की लेटरहेडवर जातं, तिथून यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी माहितीच्या) फॉर्मात, आणि मग खोडायला कोणी तयार नसतं.

ट्रस्टच्या तारखेवरही विसंबू नका. सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा, त्यामुळे जुन्या संस्थांची नोंदणी शाळेनंतरची निघते.

माझ्या मते खरा पुरावा जनरल रजिस्टर, म्हणजे वयपत्रक, प्रवेश घेतलेल्या मुलांची क्रमवार नोंदवही. पण पहिला नंबर बघून थांबू नका. त्याच आवारात प्राथमिक शाळा असेल तर पहिले नंबर तिचे असतील. 'कोणत्या इयत्तेत प्रवेश' हा रकाना वाचा आणि आठवीची पहिली नोंद शोधा. नववीची नव्हे, तेव्हा हायस्कूल आठवीपासून असायचं. पहिली शे-दोनशे नावं एकाच शाईत, एकाच हातात असतील तर ते रजिस्टर नंतर उतरवलेलं आहे. मग पहिल्या एसएससी निकालावरून उलटं मोजा. जुन्या अकरावीच्या पद्धतीत जून १९६४ ची आठवी मार्च १९६८ ला परीक्षेला बसे; १०+२ आल्यावर तेच अंतर एक वर्षानं कमी झालं. आठवी-नववी एकदम सुरू केली असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून हा नुसता पडताळा.

आता कचेरी. नाव घेत नाही, पण 'रेकॉर्ड मिळत नाही' या तीन शब्दांत तिनं आमचे दहा महिने खाल्ले. 'शाळा कधी स्थापन झाली?' असा प्रश्न माहिती अधिकारात विचारूच नका, उत्तर टोलवायला सोपं जातं. कागद मागा: पहिल्या मान्यतेच्या हुकमाची प्रमाणित नकल, आणि फाइल नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची नकल. दुसरी ओळ वाचली की फाइल बऱ्याचदा सापडते. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

त्याहून सोपी वाट शाळेच्याच कपाटात असते. वर्गवाढीचा कुठलाही जुना हुकूम काढा. 'वंचाणे लीधा' (म्हणजे 'वाचले') या मथळ्याखाली आधीच्या हुकमांचे क्रमांक-तारखा असतात, तळाला नकला कुणाला रवाना झाल्या त्याची यादी. एक कचेरी नाही म्हणाली तर यादीतल्या दुसरीकडे तोच क्रमांक देऊन मागा. हुकूम हातात आला की जावक तारीख नको, मजकुरातली 'जूनपासून मान्यता' ही तारीख घ्या. हुकूम नंतर निघून मान्यता आधीच्या जूनपासून लागू असणं नेहमीचंच.

(हे ट्रस्टच्या अनुदानित शाळांपुरतं. मी वकील नाही. शाळा १९४९ आधीची, म्हणजे बडोदा संस्थानाच्या काळातली असेल तर गायकवाडी कारभाराचे वार्षिक अहवाल बघा, पण ते वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, हे विसरू नका.)

परिचयाच्या पानात पटसंख्या कुठल्या तारखेची ते लिहा, मंजूर महेकम (मंजूर पदं) आणि भरलेल्या जागा वेगळ्या दाखवा, निकालाच्या टक्क्यांशेजारी बसलेल्यांचा आकडा द्या. वयपत्रकाच्या पानाचा फोटो छापायचा मोह होईल. छापायचाच तर जात आणि जन्मतारखेचे रकाने झाका.