शंका आली की सुटला, असं नसतं

या वेळी वाचकांचे कोर्टकचेरीचे तीनच प्रश्न घेतलेत, पहिल्यालाच जागा जास्त गेली.

पलूसजवळच्या गावातून : बांधावरून भावकीत मारामारी झाली, वडिलांच्या डोक्यात कोयता घातला आणि कोर्टानं 'संशयाचा फायदा' देऊन सोडलं. म्हणजे आम्ही खोटं बोललो का?

नाही हो, कोर्ट तसं म्हणतच नाही. संशयाचा फायदा म्हणजे यानंच केलं अशी कोर्टाची खात्री पटली नाही, एवढंच. फौजदारीत शाबीत करायचं ओझं सरकार पक्षावर, आरोपी तोंड उघडणार नाही म्हणाला तरी चालतं. तुम्ही पाठवलेला निकाल वाचला. वार मागून झाला, वडिलांनी माणूस बघितला नाही, शेजारचा साक्षीदार फितूर झाला, मग राहिला कोयता. तर पंचनाम्यात लाकडी मूठ आणि मुद्देमालाची पिशवी कोर्टात सोडली तर लोखंडी पाइपची, लाखेचं सील गायब, आणि पंच सांगतोय सही टपरीवर चहा पिता पिता केली! आता न्यायाधीशांनी कशाच्या जोरावर जन्मठेप द्यायची सांगा. (मला विचाराल तर हा खटला तपासातच मेला.)

पण प्रत्येक विसंगती म्हणजे संशय नव्हे, साक्षीदार तारीख-वेळ थोडी चुकला म्हणून कुणी सुटत नाही, संशयाला कारण दाखवता आलं पाहिजे. 1973 च्या शिवाजी बोबडे खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच बजावलं, की संशयाच्या फायद्याची उगाच पूजा मांडू नका, पण त्याच निकालात हेही आहे की 'यानं केलं असेल' आणि 'यानंच केलंय' यात लांबचं अंतर आहे. सुटकेविरुद्ध जखमीला स्वतः अपील करता येतं, सरकारची वाट बघत बसू नका, मुदतीचं तेवढं वकिलाला लगेच विचारा.

तासगाव : द्राक्षाच्या पैशाचा चेक बाउन्स झाला. व्यापारी म्हणतोय, देणं होतं हे तूच सिद्ध कर.

इथं गाडी उलटी फिरते. चेकवरची सही त्याची असली की चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 139 नं कोर्ट धरून चालतं की चेक देण्यापोटीच दिला, 'सिक्युरिटीला दिलेला' वगैरे त्यानं दाखवायचं. फक्त त्याला तुमच्याइतकं पक्कं दाखवावं लागत नाही, त्याचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं. म्हणून वजनाच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे दराचे मेसेज डिलीट करू नका. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्याला 15 दिवस, मग महिनाभरात केस. यात गाफील राहून बागायतदार हातातली केस घालवतात.

सातारा : पोरगा पोलीस भरतीला बसलाय, जुन्या केसमधून 'संशयाचा फायदा' मिळून सुटलाय. फॉर्ममध्ये लिहायचं का?

लिहायचंच. सुटका ती सुटकाच, पण भरती करणारे निकाल वाचून बघतात आणि लपवलेलं सापडलं तर तेच नडतं. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आजच काढून ठेवा.