थायलंडच्या खेड्यात राहून लोक काय खातात-पितात हे वहीत उतरवलं की संशोधन होतं का? फील्ड नोट्समध्ये असतं तरी काय?

हाच प्रश्न मला माझ्या गाईडनी विचारला होता. माझी वही दोन बोटांनी उचलून म्हणाले, "ही तर किराणा मालाची यादी आहे." त्यामुळे तुमच्या निमित्ताने त्यांनाही उत्तर देऊन टाकते.

सरांना प्रश्नावली हवी होती. कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, शेती किती राय (अडीच राय म्हणजे एक एकर), कर्ज किती. मग टक्केवारी काढा आणि मोकळे व्हा. प्रश्नावली मीही भरून घेतली होती. गाव इसानमधलं, म्हणजे ईशान्य थायलंडमधलं, खोनकेन प्रांतात. नाव सांगणार नाही, वहीतही टोपणनावच आहे. मी ज्या आजींकडे राहायचे, त्यांना सगळ्यांसारखीच मीही 'मे याय' म्हणायचे. त्यांच्या घराच्या फॉर्मवर माणसं पाच, कारण निळ्या 'तबियन बान'मध्ये, म्हणजे सरकारी घरनोंदणीच्या पुस्तकात, पाच नावं होती. रात्री मच्छरदाण्या लागायच्या त्या आजी, दोन नातवंडं आणि मी यांच्या. मुलगी-जावई बँकॉकला. नावं गावातच ठेवलेली, त्यामुळे मतदानालासुद्धा गावी यायचे. आता सांगा, टक्केवारी कशाची काढू?

वहीत रोजचंच असतं. पहाटे रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायचा, भिक्खू रांगेने आले की रस्त्याकडेला बसून प्रत्येकाच्या पात्रात त्याचा एकेक गोळा ठेवायचा. कालवण नंतर 'पिंतो'तून विहारात जातं. पिंतो म्हणजे आपला कप्प्याकप्प्यांचा जेवणाचा डबा. त्यातच गावच्या भोंग्यावरून फूयायबान, म्हणजे मुखिया, सूचना सांगत असतो. हे सगळं दोन-चार पानांत संपतं. खरी वही मयताच्या घरी भरली.

शेजारची एक म्हातारी वारली. इसानमध्ये मयत बऱ्याचदा काही दिवस घरातच ठेवतात, विजेवर चालणाऱ्या थंड शवपेटीत. संध्याकाळी भिक्खू येऊन पठण करतात, आणि गाव तिथेच जेवतं. बायका लसूण सोलत होत्या, पुरुष लाकडी ठोकळ्यावर लाबसाठी, म्हणजे तिथल्या खिम्याच्या पदार्थासाठी, मांस बारीक करत होते, रात्री पत्त्यांचे डाव. दाराशी टेबल, टेबलावर वही. येणारा पाकीट देतो, बायका परातीतून तांदूळ आणतात, आणि वहीत नाव आणि रक्कम चढते. आपल्याकडे लग्नात आहेर लिहायला एक काका बसवतात ना, तस्सं. माझं अक्षर थाईत वाचण्यालायक नव्हतं, म्हणून मला पाकिटं फोडायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी मे यायनी कपाटातून त्यांची स्वतःची जुनी वही काढली. नवऱ्याच्या मयताची, कोपरे वाळवीने खाल्लेली. बोट फिरवत त्या घराचं नाव शोधलं, रक्कम पाहिली, तेवढे पैसे पाकिटात घातले आणि वर शंभराची एक नोट ठेवली. मी विचारलं, वर का? म्हणाल्या, "तेव्हा तांदूळ स्वस्त होता." मग आणखी एक पान उलटून एका नावावर नख टेकवलं, "हे आलेच नव्हते." त्या नावाच्या घरात पुढे जे मयत झालं, तिथे मे याय गेल्या, पण जेवल्या नाहीत.

फॉर्मवर कर्जाच्या रकान्यात याच बाईंनी 'नाही' लिहून घेतलं होतं. शेतकी बँकेचं नव्हतं, २००१ साली सरकारने गावागावाला दिलेल्या दहा लाख बाटच्या ग्रामनिधीचंही नव्हतं. देणं होतं ते कपाटातल्या वहीत. किराणा यादी म्हणे!

बरं, खेड्यात मुक्काम न टाकता मोठी विधानं करण्याची हौस जुनी आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉन एम्ब्री यांनी १९५० साली थाई समाज 'सैल बांधणीचा' असल्याचं लिहिलं. जपानच्या खेड्यात त्यांनी कसून काम केलं होतं, त्यापुढे थाई मंडळी त्यांना ढिली वाटली. पुढच्या पिढीचा बराच वेळ हे खोडण्यात गेला. याउलट मूळचे श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली तंबय्या १९६० च्या दशकात उदोनथानीतल्या एका गावात बसले आणि विहार, भुतंखेतं, मनगटाला दोरा बांधायचा विधी हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते दाखवलं. माझ्या मते इसानवर त्याहून चांगलं काम झालेलं नाही, आणि ते याच असल्या 'यादी'तून उभं राहिलं.

तुम्हाला खरंच वह्या लिहायच्या असतील तर: समोर फक्त खुणेचे शब्द टिपा, रात्री झोपण्याआधी सविस्तर लिहा. कोण कुठे बसलं, कोण आधी उठलं, नेमकं काय म्हणालं. स्वतःचं मत वेगळ्या रंगात. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातल्या रामपुरा गावाची तयार टिपणं १९७० मध्ये अमेरिकेत जाळपोळीत गेली, तिन्ही प्रती एकाच इमारतीत होत्या. बँकॉकची थाई शिकून इसानमध्ये जाऊ नका, घरात लोक लाओच्या वळणाची बोली बोलतात. परदेशी अभ्यासकाला तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची परवानगी लागते, ती आधी.

हो, हे इसानपुरतं. दक्षिणेकडच्या मलय मुस्लिम गावात यातलं बरंचसं लागू होणार नाही. आणि गावातल्या एकूण जमिनीचा हिशेब हवा असेल तर प्रश्नावलीला पर्याय नाही, तेवढं सरांचं बरोबर. पण ती छापून नेली तरी पहिले काही महिने बॅगेतच राहू द्या. गाईडनी विचारलं तर सांगा, पावसात भिजली.