मॅडिसनला उन्हाळ्यात गेल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचं काही बघायला मिळेल का?

जुलैमध्ये मुलीकडे मॅडिसनला (विस्कॉन्सिन, अमेरिका) जाताय, उत्सव तर बघालच, पण मूळ रहिवाशांचा वारसा कुठे दिसेल, असं विचारलंय तुम्ही. मी तिथे शिकायला होतो. दिसेल, पण तिकीट काढून नाही. तो पायाखालीच आहे.

हा मुलूख हो-चंक लोकांचा. त्यांच्या भाषेत देजोप, म्हणजे चार तळी. त्यातलं मोठं ते मेंडोटा. त्याच्या काठावर, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आवारातच ऑब्झर्व्हेटरी हिल नावाची टेकडी आहे. तिथे गवताखाली माणसांनी रचलेले मातीचे दोन ठेंगणे उंचवटे आहेत: एक पक्ष्याच्या आकाराचा आणि एक दोन शेपट्यांच्या जलात्म्याच्या. साधारण हजार वर्षांपूर्वीचे. भर दुपारी गेलात तर नुसती हिरवळ दिसेल. ऊन कललं की कडेला सावली धरते आणि आकार उमटतो. पहिल्या वर्षी मी त्या पक्ष्यावरच ऐसपैस बसून डबा खाल्ला होता! एका सीनियरने उठवलं, "अरे, अशा टेकाडांत माणसं पुरलेली असतात." तेव्हा बाजूने बघा, वर चढू नका.

जवळच बॅस्कम हिलवर २०१९चा एक फलक आहे. १८३२च्या तहात हो-चंकांना ही जमीन सोडायला भाग पाडलं, हे विद्यापीठाने त्यावर स्वतःच लिहिलंय. त्यांना पुन्हा पुन्हा हाकललं, आणि ते पुन्हा पुन्हा परत आले. २०२१मध्ये मेंडोटाच्या तळातून सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची लाकूड कोरून केलेली होडी वर काढली. पुढच्या वर्षी निघालेली तर ३,००० वर्षांची!

उत्सवांचं म्हणाल तर कॅपिटलभोवतीची (म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीभोवतीची) जुलैतली कलाजत्रा आणि बुधवार संध्याकाळची फुकट वाद्यवृंद मैफल चुकवू नका. सतरंजी न्या, लवकर जा. शनिवारचा शेतकरी बाजारही तिथेच भरतो.

हो-चंकांचा स्वतःचा उत्सव, म्हणजे पाववाव (नाचगाण्याचा मेळावा), मात्र मॅडिसनमध्ये शोधू नका. तो ब्लॅक रिव्हर फॉल्सजवळ असतो, गाडीने दोनेक तासांवर, मे अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. मुक्काम लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लांबवता आला तर जरूर लांबवा. नर्तक रिंगणात येताना सगळे उभे राहतात, तेव्हा तुम्हीही राहा; आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका.